तरण्या पावसातली अळंबी

बुधवार : वेताळ टेकडी

पालख्या पुण्यातून पुढे सरकल्या, पुनर्वसू नक्षत्र लागलं आणि मला हवी होती ती सुट्टी मिळाली. गावाकडे या नक्षत्राच्या पावसाला तरणा पाऊस म्हणतात, मागून येणाऱ्या पुष्याच्या पावसाला म्हातारा. तरण्या पावसाची तऱ्हा अशी की दोन-तीन दिवस झड लागते, मग अचानक उघडीप पडते, ऊन येतं, उकाडा वाढतो. वारुळावरची अळंबी उगवते ती अशाच दिवसांत. म्हणून रजेचा अर्ज मी नक्षत्र बघून टाकला होता.

मी पुण्यातल्या एका हॉटेलच्या किचनमध्ये कॉमी आहे. शेफ होण्याच्या वाटेवरची ही पहिली पायरी. वर्षभर माझ्या हाताखालून बटण मशरूम जातात. बंद खोलीत, कंपोस्टवर, मोजलेल्या तापमानात वाढलेले. जून असो की जानेवारी, त्यांची चव तीच. पुढे-मागे मला पुण्यात स्वतःची छोटी जागा सुरू करायची आहे आणि तिथल्या पावसाळ्याच्या जेवणात आपल्या डोंगरातली अळंबी असावी असं फार मनात आहे. पण जी वस्तू जमिनीतून कशी निघते हे मी पाहिलेलं नाही, ती कुणाच्या ताटात वाढायचा मला काय अधिकार?

आमच्या शेजारी वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक सर राहतात. मैत्रिणीच्या आत्यांकडे मुळशीला जाऊन अळंबी बघायचा बेत त्यांना सांगितला तेव्हा ते म्हणाले, "मुळशीला जाशीलच. त्याआधी जी खायची नाही ती बघून घे." म्हणून आज पहाटेच आम्ही टेकडी चढलो. सरांनी वर पोचायच्या आधीच बजावलं, ही जमीन वनखात्याची, बघायचं सगळं, उचलायचं काही नाही.

ग्लिरिसिडियाच्या पडलेल्या फांद्यांवर करड्या-पांढऱ्या, लवदार, नखाएवढ्या पंख्यांची रांग होती. सरांनी खाली वाकून एक पंखा भिंगातून दाखवला. पोटाकडे, म्हणजे छत्रीच्या खालच्या अंगाला, पातळ पडदे असतात, त्यातला प्रत्येक मधोमध उभा चिरलेला. हे शायझोफायलम, जगभर सापडणारं. मणिपूरमध्ये याला कांगलायेन म्हणतात आणि आवडीनं खातात. पुण्यात त्याच्यावरून रोज शेकडो बूट जातात.

पुढे एका वारुळाशी सर बराच वेळ थांबले. अळंबीचं आणि वाळवीचं नातं मी वाचलं होतं, पण समोर वारूळ असताना ते ऐकणं वेगळंच. या जातीची वाळवी पालापाचोळा आणि लाकूड चावून आत नेते, तिच्या विष्ठेतून त्याचे सच्छिद्र थर रचते आणि त्यावर बुरशी वाढवते. लाकडातला कठीण भाग मोडण्याचं काम बुरशी करते, मग तयार झालेलं अन्न वाळवी खाते. दोघींचं हे कोट्यवधी वर्षं चालू आहे. पावसाळ्यात तीच बुरशी जमिनीखालच्या त्या थरांतून लांब देठ वर पाठवते आणि मातीबाहेर छत्री उघडते. शास्त्रीय नाव टर्मिटोमायसिस. फ्रेंच शास्त्रज्ञ रॉजर हाइम यांनी 1942 मध्ये हे नाव दिलं आणि 1979 मध्ये दक्षिण भारतातून वर्णन झालेल्या एका जातीला पुढे त्यांचंच नाव मिळालं, टर्मिटोमायसिस हाइमी. वाळवीशिवाय तिचं पीक घेणं आजवर कुणाला धड जमलेलं नाही. शेफच्या दृष्टीनं याचा अर्थ सरळ आहे. ही वस्तू ऑर्डर देऊन येत नाही.

उतरताना सर आगरकर रस्त्याने आले, मुद्दाम आघारकर संशोधन संस्थेवरून. 1946 साली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी म्हणून सुरू झालेली ही संस्था. देशातल्या बुरश्यांच्या जिवंत नमुन्यांचा राष्ट्रीय संग्रह इथे आहे आणि वाळवलेल्या नमुन्यांचं, बुरशीशास्त्रज्ञ अजरेकरांच्या नावाचं हर्बेरियमही. मी या फाटकासमोरून कित्येक वर्षं येजा करते आहे. भारतभरच्या बुरशीचा ठेवा आपल्या रोजच्या रस्त्यावर आहे, याचा मला आज मनापासून अभिमान वाटला.

शेवटचा मुक्काम आमच्याच सोसायटीची हिरवळ. परवाच्या पावसानंतर तिथे ताटलीएवढ्या पांढऱ्या छत्र्या उगवल्या होत्या. वर तपकिरी खवले, देठावर वर-खाली सरकणारं कडं, पोटात स्वच्छ पांढरे पडदे. इतक्या देखण्या, की टोपलीत भराव्याशा वाटतात. सरांनी एकच घेतली, देठ कापून टाकला आणि छत्री माझ्या हातात दिली. अर्धी पांढऱ्या कागदावर, अर्धी काळ्या कागदावर येईल अशी पालथी ठेवायची, वर काचेचं भांडं झाकायचं, सकाळपर्यंत हलवायचं नाही.

गुरुवार : पुणे ते मुळशी

सकाळी भांडं उचललं, छत्री अलगद बाजूला केली. पांढऱ्या कागदावर मळकट हिरवी नक्षी उमटली होती. मधल्या देठाच्या जागेपासून काठापर्यंत एकेक रेघ वेगळी. पडदे पांढरे, पण त्यांतून गळलेले बीजाणू हिरवे.

सरांना फोन केला. त्यांनी विचारलं, "काल फोटो काढला असतास तर त्यात काय दिसलं असतं?" पांढरे पडदेच दिसले असते. हे क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. उष्ण प्रदेशांत हिरवळीवर हमखास येणारं आणि अळंबीच्या विषबाधेत फार वेळा सापडणारं. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत उलट्या, जुलाब, पोटात मुरडा. जुनं झालं की पडद्यांवर हिरवट झाक येते, पण कोवळेपणी तिचा मागमूस नसतो. मोबाइलमधल्या ॲपवर फोटो टाकून अळंबी ओळखणाऱ्यांना मला हा कागद दाखवायचा आहे. ठशाला कित्येक तास लागतात. एवढा धीर ज्याला नाही त्यानं बाजारातले मशरूम आणावेत, त्यात काही कमीपणा नाही.

आणि हिरवळीवरची ही त्यातल्या त्यात सौम्य म्हणायची. अमानिता गटातल्या काही जातींमध्ये अमाटॉक्सिन असतं. शिजवून, वाळवून, उकळून पाणी फेकून, कशानंही ते जात नाही. त्याची खरी भीती अशी की पहिले सहा-बारा तास काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब सुरू होतात, थांबतात, माणसाला बरं वाटू लागतं आणि तेव्हाच आत यकृत निकामी होत असतं. म्हणून अळंबी खाऊन उशिरा त्रास सुरू झाला तर घरी वाट बघत बसू नये, उरलेली अळंबी किंवा तिचा तुकडा बरोबर घेऊन तडक मोठ्या रुग्णालयात जावं. शिजवणाऱ्या प्रत्येकाला हे तोंडपाठ असायला हवं. जेवणारा माणूस आपल्यावर विसंबून घास उचलतो.

दुपारी मैत्रीण आणि मी तिच्या दुचाकीवरून निघालो. चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट, पौड. पिरंगुटपर्यंत पुणं सोबत येतं, पौड सुटलं की भातखाचरं सुरू होतात. मालेच्या पुढे धरणाचं पाणी डाव्या-उजव्या वळणांतून दिसू लागलं. तिच्या आत्यांची वाडी आत, चढावर. आम्ही पोचलो तेव्हा आत्या अंगणात चिखलाचे पाय धूत होत्या. त्यांच्याकडे लावणीची घाई, इर्जिक घालून वाडीतली माणसं एकमेकांच्या खाचरात उतरलेली.

"हॉटेलात खायला काय कमी हाय का, म्हनून हितं आलीस?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "आत्या, खायला नाही, शिकायला आले."

"मंग लावणीला चल आधी. अळंबी काय आपल्या सांगण्यानं येत न्हाय."

रात्री चुलीपाशी त्यांच्या सासरची हकिगत निघाली. टाटांचं धरण झालं तेव्हा त्यांच्या आजेसासऱ्यांची आंबेमोहराची खाचरं पाण्याखाली गेली. 1921 साली सेनापती बापटांच्या पुढारपणाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला, तो यासाठीच. जमीन गेली ती गेली. उरला वरचा वरकस माळ, नाचणी-वरईपुरता. या घराची अळंबीची वारुळं त्याच माळावर आहेत.

शुक्रवार : वाडी

दिवसभर पाऊस. चिखलात रोपं लावली, कंबर धरली. बांधावरून आत्यांनी येता-येता कुर्डू आणि भारंगीचा पाला खुडला, एका वेलावरून करटुली काढली. संध्याकाळी चुलीवर भारंगीची भाजी झाली. कडवटपणा जायला आधी उकळून पिळून घ्यायची, मग कांदा-लसणावर परतायची.

अळंबी नाही. आत्या दाराशी उभ्या राहून आभाळाकडे बघत म्हणाल्या, "रातीला उघडंल. उद्या गुमसंल. पहाटं उठीव मला."

उठवलं त्यांनीच.

शनिवार : वरकस माळ

पाऊस थांबला होता. हवा जड, अंगाला चिकटणारी. आत्यांच्या डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ, हातात काठी, काखेत बांबूची दुरडी. मी कापडी पिशवी आणली होती ती त्यांनी घरीच ठेवायला लावली. पिशवीत अळंबी घामेजते आणि मोडते, दुरडीत वारा लागतो.

वाटेत त्यांनी हळूच सांगितलं की वारुळांच्या जागा कुणी कुणाला दाखवत नाही. त्यांना त्या सासूनं दाखवल्या, लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी. माळ मालकीचा आहे हे मी आधीच विचारून घेतलं होतं. याच रस्त्यानं पुढे गेलं की ताम्हिणीचं अभयारण्य लागतं, 2013 मध्ये घोषित झालेलं, आणि अभयारण्यातून काही तोडायला-उपटायला कायद्यानं बंदी आहे. शहरातून जाणाऱ्यांनी ही हद्द माहीत करून घ्यावी. रान मोकळं दिसतं म्हणून ते आपलं होत नाही.

एका ऐनाच्या झाडाखाली आत्या थांबल्या. मला ओला पाला आणि लाल माती एवढंच दिसत होतं. त्यांनी काठीच्या टोकानं पाला सारला. मातीला बारीक भेगा पडल्या होत्या आणि एका भेगेतून राखाडी-तपकिरी टोक वर आलेलं. मी गुडघ्यावर बसले. टोकाला बोट लावलं, ते चांगलं टणक होतं. याच टोकानं अळंबी माती फोडते. शेजारी दुसरी, तिची छत्री निम्मी उघडलेली, मध्यावरचं टोक गडद, काठाकडे रंग फिका होत पांढरट, काठ किंचित चिरलेला. तिच्या मागे आणखी. डोळा सरावला तसा सगळा उतार अळंबीनं भरलेला दिसू लागला. माझ्या तोंडून शब्द फुटेना.

"उपटू नगं," आत्या म्हणाल्या. त्यांनी देठाच्या बाजूची माती काठीनं सैल केली, दोन बोटं देठालगत खाली घातली आणि हलकेच पीळ देऊन ओढलं. देठ निघत राहिला. वर बोटाएवढा जाड, खाली निमुळता होत गेलेला, मातीनं माखलेला, वीतभराहून लांब. शेवटी आत कुठेतरी तो तुटला तेव्हा बारीक 'टक्' असा आवाज आला. आत्यांनी खड्ड्यात माती परत लोटली आणि तळव्यानं दाबली. वारूळ उघडं राहिलं तर आत पाणी शिरतं, पुढच्या वर्षी तिथे काही येत नाही.

हा लांब मुळासारखा देठ मी हातात फिरवून-फिरवून बघितला. ओळखीची सगळी चिन्हं एका ठिकाणी होती. मध्यावर टणक टोक. देठाच्या तळाशी पिशवीसारखं आवरण नाही. मूळ सरळ वारुळात गेलेलं. एक छत्री मी ठशासाठी वेगळी काढली, तिचा ठसा फिकट गुलाबीसर यायला हवा होता आणि संध्याकाळी तो तसाच आला.

पिशवीचा मुद्दा का महत्त्वाचा, ते तासाभरातच समोर आलं. ओहोळाकडे उतरताना एका झाडाच्या बुंध्याशी एकटीच, पांढरीशुभ्र, फार सुंदर अळंबी उभी होती. मी आत्यांकडे बघितलं.

"ती आमची न्हाय," त्या म्हणाल्या आणि चालू लागल्या.

विषारी आहे का, असं मी विचारलं. त्यांना ते ठाऊक नव्हतं आणि जाणून घ्यायची गरजही वाटत नव्हती. सासूनं खाऊ घातली ती खायची, बाकी रानाची. मी मात्र थांबून काडीनं तिच्या बुडाची माती उकरली. देठावर पातळ कडं होतं आणि मातीखाली देठाभोवती फाटक्या काठाची पांढरी पिशवी. अमानितांच्या घातक जातींची हीच खूण, आणि ती मातीच्या आत असते. वरून खुडणाऱ्याच्या हाती ती लागतच नाही. मी माती सारखी केली, हात ओहोळात धुतले.

खरं सांगायचं तर आत्यांची रीत मला पुस्तकापेक्षा भक्कम वाटते. पुस्तक घेऊन माणूस विचारतो, ही खाण्यासारखी आहे का. मग एखादं चिन्ह जुळतं, एखादं सोडून दिलं जातं आणि मन हळूहळू होकाराकडे झुकतं. आत्यांच्या हिशोबात ओळखीची सोडून सगळी नकोच. मी शेफ झाले तर माझ्या किचनमध्ये हाच नियम असेल.

वाडीतल्या एका मामांनी दुरडी बघून सांगितलं की भाजीत चांदीचं नाणं टाकून बघावं, काळं पडलं तर विषारी. कुणी लसूण सांगतं, कुणी तांदूळ. यातली एकही कसोटी खरी नाही. अमाटॉक्सिननं चांदी काळी पडत नाही. किड्यानं खाल्लेली अळंबी माणसाला चालते हाही समज तसाच, माणसाला मारणारी अळंबी गोगलगायी खुशाल खातात. असल्या समजुतींपायी जीव गेले आहेत, म्हणून मामांच्या वयाचा मान राखूनही मी त्यांना हे स्पष्ट सांगितलं. आत्यांनी मान डोलावली.

पूर्ण उघडून सैल पडलेल्या छत्र्या आत्यांनी माळावरच सोडल्या होत्या. त्यांत अळ्या होतात. घरी आणलेल्या कळ्या आणि अर्धवट उघडलेल्या लगेच निवडायला बसलो, कारण अळंबी दुपारपर्यंतही थांबत नाही, मऊ पडते, वास बदलतो. मुळाची माती सुरीच्या पाठीनं खरवडायची, वरची साल ओढून काढायची, मग भराभर पाण्यातून काढायची. भिजत ठेवायची नाही. देठ सुरीनं कापू दिले नाहीत, हातानंच उभे फाडायचे. फाडताना धागे सुटतात ते थेट उकडलेल्या कोंबडीच्या मांसासारखे.

चुलीवर लोखंडी कढई. तेल, ठेचलेला लसूण, भरपूर कांदा, हळद, घरचा मसाला. मग अळंबी. पाण्याचा थेंबही घातला नाही. कढईवर ताट ठेवलं आणि ताटात पाणी ओतलं. थोड्या वेळानं ताट उचललं तर कढईत अर्धी वाटी तरी रस सुटलेला. अळंबीत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, ते आधी बाहेर येतं. आत्यांनी ते आटू दिलं नाही, भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचं आणि कांद्याचं पाट्यावरचं वाटण त्यात घातलं. रस दाटला, वर तेलाचा तवंग आला. मीठ सगळ्यात शेवटी.

खाण्याआधी मी एक अख्खी कच्ची अळंबी पानात गुंडाळून बाजूला ठेवली, कुणाला त्रास झालाच तर दाखवायला. सरांनी सांगितलेला आणखी एक नियम पाळला. पहिल्यांदा खाणाऱ्यानं थोडीच खावी, कारण चांगली अळंबीही एखाद्याच्या पोटाला मानवत नाही. आत्या हसल्या नाहीत. "बरं करतीस," एवढंच म्हणाल्या.

तांदळाच्या भाकरीबरोबर पहिला घास. देठ दाताखाली रेशा-रेशांनी सुटत होता, छत्री मऊ, आणि रस्सा जिभेच्या कडांवर बराच वेळ रेंगाळत राहिला. हाडं शिजवून काढलेल्या स्टॉकला किचनमध्ये आम्ही दिवसाचे कित्येक तास देतो. इथे तेवढं खोल काहीतरी अळंबीच्या स्वतःच्या पाण्यातून आलं होतं. अळंबीत ग्लुटामेट असतं आणि ग्वानिलेटही, चव खोल करणारे हे दोन्ही घटक एकत्र आले की एकमेकांची चव वाढवतात. हे मी शिकले होते. जिभेला ते आज कळलं.

रविवार : रस्ता आणि चूल

सकाळपासून ताम्हिणीच्या रस्त्यावर पुण्याच्या गाड्यांची रांग. रस्त्याकडेला वाडीतल्या बाया सागाच्या पानांवर करटुली, कुर्डू आणि अळंबीचे वाटे मांडून बसल्या होत्या. गाडीची काच खाली करून एकानं निम्मा भाव मागितला. मला राहवलं नाही. त्या वाट्यामागे पहाटेची पायपीट आहे, पिढ्यांची ओळख आहे आणि संध्याकाळपर्यंत विकला नाही तर तो फेकून द्यायचा आहे. मी त्यांना हे नीट समजावून सांगितलं. बायांनी सांगितलेल्या भावात त्यांनी दोन वाटे घेतले, तेव्हा मला बरं वाटलं. भाजी घासाघीस करून घ्यायची आपली सवय मला कळते, पण रानभाजीच्या बाबतीत ती सोडावी असं माझं ठाम मत आहे.

दुपारी आत्यांनी चूल माझ्या ताब्यात दिली. मला एक गोष्ट पडताळायची होती. थोडी अळंबी मी तापलेल्या लोखंडी तव्यावर तेलात टाकली, थोडी दुसऱ्या तव्यावर चमचाभर पाणी घालून, झाकून ठेवली. पहिलीनं तेल लगेच पिऊन टाकलं आणि मग पाणी सोडलं, त्यामुळे ती तेलकटही झाली आणि उकडलीही. दुसरीनं आधी पाणी सोडलं, आकसली, पाणी आटलं, मग चमचाभर तेलात तिच्या कडा छान तांबूस झाल्या. अळंबीच्या पेशींच्या भिंतीत कायटिन असतं, ते शिजवण्याच्या उष्णतेला विरघळत नाही. म्हणून मांसासारखी वेळेची धास्ती इथे नाही. जास्त वेळ ठेवली तरी तिचा लगदा होत नाही, चावायला काहीतरी उरतंच.

मग उरलेल्या लहान कळ्या हळदीच्या पानात बांधल्या, आत थोडं मीठ, ओलं खोबरं, हिरव्या मिरचीचा ठेचा, आणि निखाऱ्यांच्या कडेला ठेवल्या. पान करपलं, आतला वाफेचा दर्प सुटला तशी वाडीतली पोरं गोळा झाली. हळदीच्या पानाचा वास अळंबीवर थोडा चढतो, माझ्या मते पान अर्धंच वापरावं. आत्यांनी खाऊन बघितलं. "चांगलं झालंय, पन रश्शाची सर न्हाय." मलाही तसंच वाटलं.

निघताना त्यांनी दुरडीभर अळंबी देऊ केली. मी घेतली नाही. पुण्यात पोचेतो रात्र झाली असती आणि ती तोवर उतरली असती. नाचणीचं पीठ मात्र घेतलं.

सोमवार : किचन

कामावर आल्या-आल्या शेफनी फोटो बघितले, डोळे चमकले त्यांचे. पुढच्या आठवड्यासाठी पाच किलो मिळेल का, मेनूवर घालू, असं म्हणाले. मी नाही म्हटलं आणि कारणंही सांगितली. पाच किलो म्हणजे त्या माळावरची प्रत्येक कळी, शिवाय वाडीच्या ताटातली. ती पहाटे काढून रात्री आठला ताटात गेली तर अर्धी चव गेलेली असणार. आणि गोणीतून आलेल्या प्रत्येक छत्रीचं बूड मी तपासू शकणार नाही. जिचं बूड पाहिलं नाही ती मी गिऱ्हाइकाला वाढणार नाही. शेफ क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, ठीक आहे, पर्याय आण.

पर्याय मी येतानाच ठरवला होता, धिंगरी, म्हणजे ऑयस्टर मशरूम. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबीवर संशोधन चालतं, पुण्याच्या आसपास भाताच्या किंवा गव्हाच्या काडावर धिंगरी पिकवणारे शेतकरीही आहेत. धिंगरी वारुळाच्या अळंबीची जागा घेणार नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. पण आत्यांची रीत तिच्यावर बसते. आज दुपारी स्टाफच्या जेवणाला करून बघितली. धिंगरी हातानं फाडली, पाणी न घालता झाकणावर पाणी ठेवून रस सोडू दिला, सुकं खोबरं भाजून वाटण लावलं. रस्सा थोडा उथळ वाटला. म्हणून त्यात वाळवलेल्या धिंगरीची भरड घातली. कोरडी धिंगरी रश्शात मुरली की चवीला बूड येतं. दुसऱ्या घाण्यात फरक लगेच जाणवला. भांडी घासणाऱ्या दादांनी, जे वेल्ह्याकडचे आहेत, रस्सा भाताबरोबर दोनदा घेतला आणि विचारलं, खोबरं थोडं जास्त भाजलंस का?

उद्या कमी भाजून बघते. एका शेतकऱ्याकडून कोवळी, छोट्या छत्र्यांची धिंगरी मागवली आहे, कारण मोठ्या छत्र्यांचा देठ चिवट लागतो. मेनूवर नाव काय द्यायचं हे शेफ ठरवतील. 'जंगली' हा शब्द त्यात येणार नाही, एवढं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं आहे.